कॉलेज बदलायचं की आहे तिथेच थांबायचं? शिष्यवृत्तीच्या अटी आधी तपासा

बारावीनंतर अनेक घरांत शाखा आवडीने ठरत नाही. ज्या जागेची फी परवडते, ती शाखा घेतली जाते. तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात बी.ए., बी.कॉम. आणि साधं बी.एस्सी. कमी फीमध्ये होतं. त्याच आवारातलं कॉम्प्युटर सायन्स किंवा बायोटेक्नॉलॉजी मात्र बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालतं आणि त्याची फी अनेक पटींनी जास्त असते. इंजिनिअरिंगला जाणारा मुलगा फीमाफीची जागा मिळाली म्हणून नको असलेली शाखा घेतो. वर्ष-सहा महिने गेले की मग घरात विषय निघतो, "कॉलेज बदलून बघायचं का?"

हा निर्णय घेताना बहुतेक जण नव्या कॉलेजची फी विचारतात आणि तिथेच थांबतात. खरा प्रश्न वेगळा आहे. आज मिळणारी मदत विद्यार्थ्याला दिलेली आहे, त्या कॉलेजातल्या जागेला दिलेली आहे, की राहण्याच्या गावावरून ठरते? याचं उत्तर कळल्याशिवाय दाखला काढला, तर आहे ती मदत जाते आणि नवी मिळेलच याचा भरवसा नसतो.

जागेला बांधलेली मदत

या गटातली सगळ्यात मोठी योजना म्हणजे तांत्रिक शिक्षणातली ट्युशन फी वेव्हर स्कीम, म्हणजेच टीएफडब्ल्यूएस. एआयसीटीईच्या या योजनेत मंजूर जागांव्यतिरिक्त पाच टक्के जादा जागा भरल्या जातात. पालकांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या विद्यार्थ्यांना त्या गुणवत्तेनुसार मिळतात. पूर्ण अभ्यासक्रमाची शिकवणी फी माफ होते. परीक्षा फी, विकास निधी, वसतिगृह यांचा खर्च वेगळा भरावा लागतो.

या योजनेची एक अट प्रवेशाच्या गडबडीत कुणी वाचत नाही. टीएफडब्ल्यूएसमधून प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला संस्था किंवा अभ्यासक्रम कोणत्याही परिस्थितीत बदलता येत नाही. म्हणजे मेकॅनिकलची टीएफडब्ल्यूएस जागा घेतलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटरला किंवा घराजवळच्या कॉलेजात बदली मागता येत नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात. एक तर आहे ती शाखा पूर्ण करायची, नाही तर जागा सोडून पुन्हा सीईटी आणि पुन्हा कॅप फेरीतून पहिल्या वर्षाला नव्याने प्रवेश घ्यायचा. त्याला बदली म्हणत नाहीत. तो नवा प्रवेश असतो आणि त्यात एक वर्ष जातं.

संस्थेने स्वतःच्या निधीतून दिलेली फी सवलत, विद्यार्थी कल्याण निधीतली मदत आणि 'कमवा आणि शिका' योजनेतलं काम हेही याच गटात येतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने रुजवलेली 'कमवा आणि शिका'ची पद्धत आज राज्यातल्या अनेक विद्यापीठांत आहे. पण एका कॉलेजात ग्रंथालयाचं काम मिळालं म्हणून दुसरीकडे ते मिळेलच असं नाही. तिथे पुन्हा अर्ज आणि पुन्हा निवड.

विद्यार्थ्यासोबत येणारी मदत, पण अटींसह

महाडीबीटी पोर्टलवरच्या बहुतेक शिष्यवृत्त्या या गटात मोडतात. त्या विद्यार्थ्याच्या नावावर असतात, तरी कॉलेज बदललं की त्या आपोआप मागे येत नाहीत.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना मिळते. या योजनेच्या मूळ अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की, राज्य शासनाची आधी परवानगी न घेता विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते आणि दिलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडलं तरी वसुलीचा अधिकार शासनाला आहे. म्हणून दाखला काढण्याआधी प्राचार्यांमार्फत समाज कल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयाला लेखी कळवणं आणि पोच घेणं गरजेचं ठरतं.

याच योजनेत आणखी एक अट आहे. एका टप्प्याचं शिक्षण पूर्ण करून पुन्हा त्याच टप्प्यावर वेगळ्या विषयाला गेलं, उदाहरणार्थ बी.ए. झाल्यावर बी.कॉम.ला, तर शिष्यवृत्ती मिळत नाही. पदवी हातात घेऊन पुन्हा दुसरी पदवी करण्याचा विचार असेल, तर तो खर्च घरातून करावा लागेल असंच धरून चालावं. पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती एकदा उचलून दुसऱ्या शाखेच्या पहिल्या वर्षाला बसतानाही 'पुन्हा मिळेलच' असं गृहीत धरू नये.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ज्याला आजही सगळे ईबीसी म्हणतात, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. त्यात निम्मी शिकवणी फी मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅप फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ही योजना लागू होत नाही. कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच लाभ मिळतो आणि शिक्षणात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. कॉलेज सोडून घरी बसलेल्या मुलांच्या बाबतीत ही खंडाची अट आधी तपासावी.

मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला. इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शंभर टक्के शिकवणी आणि परीक्षा फी शासन भरतं. शासकीय, अनुदानित तसंच कायम विनाअनुदानित कॉलेजांना ही योजना लागू आहे. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेशही बाहेर आहे. त्यामुळे एखादी मुलगी घराजवळच्या कायम विनाअनुदानित कॉलेजातून शहरातल्या मोठ्या नावाच्या खासगी विद्यापीठात गेली, तर तिची पूर्ण फीमाफी जाते. नावात 'विद्यापीठ' असलेली संस्था कोणत्या प्रकारची आहे, हे प्रवेशाआधी विचारायलाच हवं.

केंद्र सरकारची बारावीच्या गुणांवर मिळणारी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती पदवीसाठी वर्षाला १२ हजार रुपयांची आहे. दरवर्षी नूतनीकरणासाठी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. कॉलेज बदलाच्या धावपळीत हजेरी तुटली की ही रक्कम हातची जाते.

गावावरून ठरणारी मदत

राहण्या-जेवणाच्या योजना शहरानुसार बदलतात आणि इथे बदलीचा फायदाही होऊ शकतो.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथे शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार रुपये, छत्रपती संभाजीनगरसारख्या महसूल विभागाच्या शहरात ५१ हजार आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार अशी तिची रचना आहे. विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा ही मुख्य अट. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना सुरू झाली आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत.

या योजनांचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला हातात पडत नाहीत. खोलीचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स आणि पहिल्या चार-पाच महिन्यांचा खर्च घरालाच उभा करावा लागतो. अनेकांची बदली फसते ती इथेच.

हिशेब कागदावर मांडावा

समजा, आष्टी तालुक्यातली अनुसूचित जातीची एक विद्यार्थिनी गावाजवळच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिला मानसशास्त्र घ्यायचं आहे आणि तो विषय तिथे नाही. तिच्यापुढे तीन पर्याय येतात.

पहिला, आहे तिथेच राहणं. घरून ये-जा करणाऱ्या बी.ए.च्या विद्यार्थिनीला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत वर्षाला ३ हजार रुपये निर्वाह भत्ता आहे. एसटीच्या विद्यार्थी पासवर दोन तृतीयांश सवलत मिळते. खर्च सगळ्यात कमी, पण हवा तो विषय नाही.

दुसरा, अहिल्यानगर. आष्टीकरांना ते बीडपेक्षा जवळ पडतं आणि रेल्वेही आहे. पण आष्टी बीड जिल्ह्यात असल्याने तिचं सध्याचं कॉलेज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे, तर अहिल्यानगरची कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे येतात. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, नव्या विद्यापीठाची पात्रता काढावी लागते आणि पहिल्या वर्षाचे विषय व श्रेयांक जुळतात का हे तपासलं जातं. जुळले नाहीत तर पहिल्या वर्षाचे काही पेपर पुन्हा द्यावे लागतात.

तिसरा, छत्रपती संभाजीनगर. अंतर जास्त, पण विद्यापीठ तेच. वसतिगृह मिळालं नाही आणि स्वाधार मंजूर झाली तर ५१ हजारांचा आधार आहे. मेस महिना साडेतीन हजार आणि खोलीचा वाटा अडीच हजार धरला, तर दहा महिन्यांचे ६० हजार होतात. म्हणजे वर्षाला ९ हजार कमी पडतात. शिवाय पैसे येईपर्यंत पहिल्या चार महिन्यांचे २४ हजार उभे करावे लागतात. स्वाधारची रक्कम आणि शिष्यवृत्तीतला निर्वाह भत्ता यांची सरसकट बेरीज करू नये. दोन्हींत निर्वाहाचाच भाग असल्याने एक रक्कम दुसरीतून वजा होऊ शकते.

आता प्रश्न सोपा होतो. हे २४ हजार सावकाराकडे न जाता उभे राहतात का? स्वाधार नामंजूर झाली तर दुसरं सत्र कशावर काढायचं? या दोन प्रश्नांना घरात उत्तर असेल तर तिसरा पर्याय विषयासाठी घेण्यासारखा आहे. उत्तर नसेल तर मध्येच शिक्षण सुटण्याचा धोका मोठा आहे. वर्ष मध्येच सुटलं तर विषयही गेला आणि शिष्यवृत्तीच्या वसुलीची टांगतीही लागली.

टीएफडब्ल्यूएसवाल्या मुलाचा हिशेब असाच मांडता येतो. समजा शिकवणी फी ९० हजार आहे. जागा सोडून नव्याने कॉम्प्युटर घेतलं आणि ईबीसीची निम्मी सवलत मिळाली, तर वर्षाला ४५ हजार, चार वर्षांचे १ लाख ८० हजार. त्यात एक वर्ष उशिरा नोकरी लागण्याचं नुकसान धरायचं. दुसऱ्या पारड्यात चार वर्षं नको असलेली शाखा. विषय झेपतच नसतील, बॅकलॉग साठत असतील, तर फुकटची जागाही महागात पडते. फक्त आकर्षण म्हणून कॉम्प्युटर हवं असेल, तर पुढचे पर्याय आधी बघावेत.

कॉलेज न बदलता मार्ग निघतो का?

इंजिनिअरिंगच्या अनेक संस्थांत मूळ शाखेसोबत १८ ते २० जादा श्रेयांकांची मायनर पदवी घेता येते. मेकॅनिकलचा विद्यार्थी कॉम्प्युटरशी संबंधित मायनर करू शकतो आणि टीएफडब्ल्यूएसला धक्का लागत नाही.

बी.ए., बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना केंद्राच्या 'स्वयम्' या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीत धरता येतात. यूजीसीच्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक असे मिळवता येतात, मात्र आपल्या विद्यापीठाने ते स्वीकारलेले असावे लागतात. या 'स्वयम्'चा आदिवासी विद्यार्थ्यांच्या स्वयम् योजनेशी संबंध नाही, नाव तेवढं सारखं आहे.

२०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना मुभा दिली आहे. एक नियमित कॉलेजात आणि दुसरा दूरस्थ पद्धतीने करता येतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं तालुक्यांपर्यंत आहेत. शिष्यवृत्ती मात्र एकाच अभ्यासक्रमावर मिळेल हे लक्षात ठेवावं.

आणि थांबता येत असेल तर थांबणं हाही पर्याय आहे. पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षणासाठी कॉलेज बदलणं ही बदली धरलीच जात नाही. डिप्लोमा झाल्यावर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगचा प्रवेशही कॅपमधूनच होतो आणि तिथे संस्था, शाखा नव्याने निवडता येते. शेवटच्या वर्षाला असलेल्याने बदलीच्या भानगडीत शक्यतो पडू नये.

बदलायचंच ठरलं तर

वेळ सगळ्यात महत्त्वाची. निकाल लागल्यापासून पुढच्या वर्षाचे प्रवेश सुरू होईपर्यंतचा काळ बदलीसाठी योग्य. सत्र सुरू झाल्यावर कॉलेज बदललं तर हजेरी, परीक्षा अर्ज आणि शिष्यवृत्तीचा अर्ज तिन्ही अडकतात.

दाखला काढण्याआधी नव्या कॉलेजात या गोष्टी विचाराव्यात आणि शक्य तिथे लेखी घ्याव्यात:

१. हव्या त्या विषयाची किंवा शाखेची जागा दुसऱ्या वर्षात खरंच रिकामी आहे का?
२. तो अभ्यासक्रम आणि कॉलेज महाडीबीटीवर दिसतं का? अर्ज नव्या कॉलेजच्या लॉगिनमधूनच पुढे जातो.
३. हा प्रवेश शिष्यवृत्तीसाठी कॅपचा धरला जाईल, की संस्था स्तरावरचा?
४. तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? व्यावसायिक कॉलेज असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी किती?
५. जुन्या कॉलेजातले श्रेयांक धरले जातील का? ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यावर ते जमा झालेत का?

जुन्या कॉलेजातून शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, ना हरकत पत्र आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन घ्यावं. शिष्यवृत्ती अर्जाची प्रत आणि आतापर्यंत जमा झालेल्या हप्त्यांची बँक नोंद सोबत ठेवावी. आधार जोडलेलं बँक खातं बदलू नये. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चालू मुदतीचा आहे का, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र आहे का, हेही आधीच बघावं.

"शिष्यवृत्ती जमा झाल्याशिवाय दाखला मिळणार नाही," असं काही ठिकाणी ऐकवलं जातं. २०१८ च्या यूजीसी अधिसूचनेनुसार संस्थेला मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. प्रवेश रद्द केल्यास फी किती परत मिळेल हेही त्यात आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी रद्द केल्यास पूर्ण फी, फक्त प्रक्रिया शुल्क कापून. अंतिम तारखेआधी पण १५ दिवसांच्या आत ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच नाही. काही वर्षांसाठी यूजीसी वेगळ्या तारखा जाहीर करते, म्हणून त्या वर्षाचं परिपत्रक बघावं. मात्र ज्या वर्षाचं शिक्षण घेतलं त्या वर्षाची शिष्यवृत्ती खात्यात आल्यावर त्यातली फी जुन्या कॉलेजला देणं हे विद्यार्थ्याचं काम आहे. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि फीचा भाग सात दिवसांत कॉलेजात भरायचा असतो. तो घरखर्चात गेला की पुढचे कागद अडतात.

शेवटी कुणाला विचारायचं, हाही प्रश्न असतो. कॉलेजातल्या शिष्यवृत्ती विभागाचा कारकून, जिल्ह्याचं समाज कल्याण कार्यालय, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी प्रकल्प कार्यालय आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाचं जिल्हा कार्यालय, एवढ्या ठिकाणी जाऊन आल्याशिवाय दाखल्याचा अर्ज देऊ नये. तोंडी उत्तरावर न थांबता साध्या कागदावर अर्ज लिहून त्यावर आवक शिक्का घ्यावा. पुढे शिष्यवृत्ती अडली तर तोच कागद दाखवता येतो.